एक मोठं माणूस

४ फेब्रुवारी

वकीलबाई,

फोन तू उचलत नाहीस. मावशी उचलते आणि "ती झोपलीय" म्हणते. सकाळी अकराला झोपलेली, दुपारी चारला झोपलेली, संध्याकाळी सातलाही झोपलेलीच. एवढी झोप तुला जन्मात कधी लागली नाही. माझ्या बहिणीला लहानपणापासून धड खोटं बोलता येत नाही, ते सगळं माझ्या वाट्याला आलं. म्हणून कागद घेऊन बसलेय. फाडायचा झाला तरी कागद आधी हातात घ्यावा लागतो.

तुझा निळा स्वेटर इथेच राहिलाय. कॉलेजातल्या बाई दोनदा येऊन गेल्या, परीक्षेचा अर्ज भरायचाय म्हणाल्या. धाकटा रोज विचारतो, ताई कधी येणार. मी म्हणते, राग गेला की येईल. "म्हणजे नाहीच येणार," म्हणतो. अकरा वर्षांचा आहे, पण तुझी जीभ त्याच्याही तोंडात उगवलीय.

शेडला सील लागलंय. त्या दिवशी दुप्पट कोळंबी आली होती, ती तशीच आत पडून कुजली. वास आपल्या गल्लीपर्यंत येतो, खिडक्या लावून घेतल्या तरी येतो. बायका माझ्याकडे येऊन विचारतात, मुकादमबाई, काम कधी सुरू होणार. मी काय देव लागून गेले?

तू ज्या गोष्टीवरून घर सोडलंस, ती मी नाकारत नाही. बावीस तारखेला इन्स्पेक्टरसाहेबांच्या मागोमाग तुम्ही पाच पोरं आत घुसलात. साहेब नेहमीसारखे सही करून निघायच्या बेतात होते. तू मागच्या भागात जाऊन टरफलांचे ढीग मोजलेस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "साहेब, सोलणाऱ्या बायका एकतीस आणि ढीग अडतीस. हे सात कुणाचे? यांच्यासमोरचे पाटसुद्धा लहान आहेत." काय डोकं चालतं तुझं. त्या क्षणी मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम वाटलं. मग तू माझ्याकडे वळलीस. आई म्हणाली नाहीस. "मुकादमबाई, तुम्ही सांगा, हे ढीग कुणाचे?"

मी म्हटलं, कालच्या पाळीचे, झाडायचे राहिलेत.

ते खोटं होतं. शेडमधलं माणूस मॅनेजरच्या समोर तेवढं खोटं बोलतंच, त्याचा एवढा बाऊ करायला नको होतास. बाकी दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू मला दोन प्रश्न विचारलेस, त्यांची उत्तरं मी दिलीत. पोरं बर्फखोलीत आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आणि आदल्या संध्याकाळी तू मला जे सांगितलंस, ते मी कुणालाही बोलले नाही. धाकट्याची शपथ घेतली, अजून काय करू?

चौकीदाराला पोलिसांनी धरलंय. बर्फखोलीची किल्ली त्याच्या हातात सापडली. आणि तुमच्या मुलांच्या बैठकीने त्याच्या मुलाचं, शिट्टीचं, नाव वहीतून खोडलं असं ऐकलं. त्यानेच बापाला तपासणीची खबर दिली म्हणे. मी कुणाला काही बोलले नाही.

स्वेटर मावशीच्या पत्त्यावर पाठवते. तिकडे थंडी असते.

आई


११ फेब्रुवारी

वकीलबाई,

स्वेटर पोचल्याचं मावशीने कळवलं, तू घालत नाहीस हेही कळवलं. बरं.

मी रोज दवाखान्यात जाते. सातांतल्या पाच पोरांना मॅनेजरने त्याच संध्याकाळी गाडीत घालून खाडीपलीकडे त्यांच्या घरी पोचवलं, पोलीस यायच्या आत. इथे उरली ती एकटी बोबडी. आठ वर्षांची आहे, पण दिसते सहाची. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. नर्स पट्टी बदलते तेव्हा रडत नाही, नर्सलाच म्हणते, "दुखत नाही, तिथं काही नाहीच ना." मी दूध घेऊन जाते. माझ्या हातून पिते.

तिने मला काल सांगितलं. बर्फखोलीत गेल्यावर त्यांना सहाशेपर्यंत मोजायला सांगितलं होतं, सहाशे झाले की दार उघडणार. मोजायचं काम बटणचं, कारण सहाशेपर्यंत अख्खं तिलाच येत होतं. सहाशे झाले, दार उघडलं नाही. बटण म्हणाली, मी भरभर मोजलं असेल, पुन्हा हळू मोजते. असं तिने नऊ वेळा मोजलं. नवव्या वेळी तिचे आकडे चुकायला लागले, तीनशेनंतर पुन्हा दोनशे म्हणाली, तेव्हा पोरं तिला हसली. मग ती बसली.

बटणला मोजायला तू शिकवलं होतंस. संध्याकाळच्या तुमच्या वर्गात, त्या जिन्याखालच्या खोलीत. शंभर आले त्या दिवशी ती शेडभर नाचत आली होती, मोठ्या माणसाच्या त्या स्वेटरात, एका बटणावर लटकणाऱ्या. मीच तिला बटण म्हणायला लागले होते.

मला तुझा हात हातात घेऊन हे सांगायचं होतं. पत्रात सांगावं लागलं.

शिट्टी रस्त्यात भेटला. त्याच्या शर्टाची बाही फाटलेली, ओठ सुजलेला. तुमच्याच बैठकीतली दोन पोरं असणार, मारताना काही हक्कबिक्क आठवले नाहीत वाटतं. तुमच्या जिन्याखालच्या खोलीच्या दारावर खडूने त्याचं नाव लिहून पुढे "फितूर" लिहिलंय. हा पोरगा कोपऱ्यापासून शीळ घालत यायचा, आता पावलांचासुद्धा आवाज करत नाही. मला म्हणाला, "काकू, तिला सांगा ना. मी बाबांना नव्हतं सांगितलं. ठरलं होतं ना तसं."

तुमचा तो नियम मला पहिल्यापासून आवडायचा. कुठेही मोर्चा न्यायचा, कुणाला अडवायचं, की जाण्याआधी प्रत्येकाने घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगायचं, म्हणजे काही झालं तर शोधायला कुणीतरी असेल. वहीत प्रत्येकाच्या नावाखाली ती ओळ, "माझं एक मोठं माणूस". पोरांनीच केलेला नियम, पण शहाण्या माणसाचा वाटावा असा. फक्त या वेळी तुम्ही ठरवलंत की जो शेडमध्ये कामाला आहे त्याला सांगायचं नाही. शिट्टीने बापाला सांगितलं नाही. माझा त्याच्यावर विश्वास आहे.

बैठकीला पत्र लिही आणि सांग, त्याला सोडा. कारण विचारलं तर काहीतरी सांग. तुला कारणांची कधी वाण पडली आहे?

आई


१९ फेब्रुवारी

तुझं कार्ड आलं. महिन्याभरानंतर लेकीचं पहिलं अक्षर, आणि त्यावर एक ओळ. "शिट्टीवर तुझा विश्वास का आहे?"

उलटतपासणी छान घेतेस.

तू मला सांगितलंस ती संध्याकाळ आठव. मी स्टुलावर, तू खाली बसून माझ्या बोटांना मलम लावत होतीस. बर्फ आणि टरफलांनी चिरलेली बोटं, वीस वर्षांत त्या चिरा कधी भरल्या नाहीत. तू म्हणालीस, "आई, नियमाप्रमाणे तुला सांगायचं नाहीये, पण तुला न सांगता मी गेले तर मला कसंतरी होईल. उद्या इन्स्पेक्टर येणार, आम्ही त्याच्याबरोबर आत येणार." वहीत त्या ओळीवर तू "आई" लिहिलं होतंस, दोनदा गिरवून.

तू झोपल्यावर मी काही कुठे गेले नाही. सकाळी गेले. सहा वाजता, पाळी सुरू व्हायच्या आधी, मॅनेजरच्या खोलीत. म्हटलं, आज तपासणी आहे, लहान पोरांना आजच्या दिवस येऊ देऊ नका.

एवढंच बोलले. तुझं नाव घेतलं नाही. मला वाटलं पोरं नसतील, साहेब येतील, काही सापडणार नाही, तुमची पाच जणांची फजिती होईल आणि तू मुकाट अभ्यासाला लागशील. कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. मॅनेजरने तुला एकदा गेटवर ढकलून दिलं होतं ते मी विसरले नव्हते. परत तो तुझ्या अंगावर हात टाकील आणि मी पाच पावलांवर एप्रन घालून बघत उभी राहीन, याची मला धास्ती होती.

म्हणजे धाकट्याची शपथ खोटी होती. त्याला दोन दिवस ताप येऊन गेला, तेव्हा मी भिंतीला डोकं टेकून बसले होते. बरा झालाय आता.

खबर माझ्याकडून गेली. शिट्टीचा काही संबंध नाही. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

तुला वाटत असेल हिने आधी मला सात वर्षांची असताना ढिगापुढे बसवलं आणि मग "मीच उठवून शाळेत घातलं" म्हणून मिरवते. मिरवतेच. तुला उठवलं त्याच आठवड्यात मी मुकादम झाले. तुझ्या पाटावर मग दुसरी कुणी बसली, तिला मीच बसवलं. हे तू मला पंधराव्या वर्षी तोंडावर बोललीस आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. ती थोबाडीत परत घेता येत नाही.

आई


२ मार्च

दुसरं कार्ड आलं. "किल्ली कुणाकडे होती?"

हे पत्र मी तीनदा लिहून चुलीत घातलं. चौथ्यांदा लिहितेय.

मॅनेजरने पोरांना सुट्टी दिली नाही. म्हणाला, माल दुप्पट आलाय, दुपारपर्यंत सडेल, जीप आली की पोरांना दहा मिनिटं बर्फखोलीत घाल. आम्ही हे आधी चार वेळा केलं होतं. साहेब आत येतात, पुढच्या भागात एक फेरी मारतात, चहा घेतात, जातात. दहा मिनिटं, फार तर बारा. पोरं आत उड्या मारायची, बाहेर आली की तोंडातून वाफा काढून दाखवायची. पुढच्या बायकांना वाटायचं मागच्या दाराने बाहेर पाठवलं. आतून दार उघडायची मूठ वर्षभर तुटलेली होती. मी तीनदा मॅनेजरला सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगितलं नाही.

जीपचा हॉर्न वाजला. मी सातजणांना आत घातलं. मीच घातलं. बटण दाराशी अडली, म्हणाली, "मुकादमकाकू, आज मला नको. अंग तापलंय." तिचा स्वेटर पुढून ओलाकच्च होता. मी म्हटलं, दहाच मिनिटं गं, सहाशेपर्यंत मोज, तुला येतं ना? ती शहाण्यासारखी आत गेली. मी दार लावलं, किल्ली फिरवली, एप्रनच्या खिशात टाकली.

मग तू ढीग मोजलेस.

दहा मिनिटं झाली. तू म्हणालीस, पाटांची मापं घ्या. साहेबांनी मापं घेतली. तू म्हणालीस, या लहान सुऱ्या कुणाच्या, लिहून घ्या. अर्धा तास झाला. मॅनेजरने माझ्याकडे बघून मान हलवली, गप्प राहा. मी गप्प राहिले. तू मला ढिगांबद्दल विचारलंस तेव्हा माझा हात खिशातच होता. तुझ्या आणि त्या दाराच्या मधोमध मी उभी होते.

पोलिसांना मी सांगितलं की मोटरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं. पाठीला टेकून दार होतं, कानांपेक्षा पाठीला जास्त कळत होतं. आधी जोरात, मग मधूनमधून. मग थांबलं. पोरी, ते थांबलं तेव्हा मला बरं वाटलं. मनात आलं, चला, शांत बसली एकदाची. आता तुझ्या कानावर जाणार नाही. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही.

पंचाण्णव मिनिटांनी जीप गेली. तू गेटपर्यंत गेलीस, मागे वळून माझ्याकडे बघितलंस, थुंकल्यासारखं तोंड केलंस. मी दाराशी आले तर हात चालेनात. किल्ली भोकात जाईना. चौकीदार धावत आला, मी त्याच्या हातात किल्ली कोंबली, म्हटलं, उघड. त्याने उघडलं. त्यानेच बटणला उचलून बाहेर आणलं, तोंडाने तिच्या तोंडात हवा भरत राहिला. बायका जमल्या तेव्हा किल्ली त्याच्या मुठीत होती. मॅनेजर म्हणाला, यानेच कुलूप लावलं, आत पोरं आहेत हे न बघता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

बोबडीला पोलिसांनी विचारलं तेव्हा मी दुधाचा पेला घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी होते. "कुलूप कुणी लावलं बाळा?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माहीत नाही." नंतर माझ्याच हातून दूध प्यायली. मी रोज का जाते असं तुला वाटलं?

आता तुला एक सांगते, ते नीट वाच. तू मनाशी म्हणत असशील की मी साहेबांना दीड तास अडवलं म्हणून बटण मेली. मावशीने कळवलंय, तू जेवत नाहीस, ओठांतल्या ओठांत आकडे मोजतेस. तू तुझं काम केलंस. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं काम केलं, तेही तुझ्यामुळे. ढीग अडतीस होते आणि तू बरोबर मोजलेस. दीड तास तिथे उभं राहून एका शब्दात दार उघडू शकणारं माणूस एकच होतं. तेच तुझ्या वहीतलं मोठं माणूस होतं.

आई


५ मार्च, दुपार

पोरी,

उद्या दहाला चौकशी अधिकाऱ्यासमोर माझी साक्ष आहे. मॅनेजर काल घरी येऊन काय बोलायचं ते माझ्याकडून दोनदा घोकून घेऊन गेला. चहा दिला त्याला. कप अजून धुतला नाही.

तुला लिहिलेलं दोन तारखेचं पत्र पाठवण्याआधी मी ते धाकट्याच्या शाळेसमोरच्या दुकानात नेऊन त्याची छायाप्रत काढली. दुकानदार कागद वाचत होता, मी म्हटलं, वाच, उद्या पेपरात येईल. आज सकाळी ती प्रत पाकिटात घालून अधिकाऱ्याच्या कचेरीत देऊन पोच घेतली. मी माझी लायकी ओळखून आहे. त्या खुर्चीत बसल्यावर मॅनेजर समोर दिसला की माझी मान आपोआप खाली जाणार. आता गेली तरी चालेल, कागद पोचलाय.

त्याच्या आधी बोबडीकडे गेले. तिला म्हटलं, तुला कुणी विचारलं तर माझं नाव सांग, मी रागावणार नाही. ती म्हणाली, "मग दूध कोण आणणाल?" नर्सशी बोलून ठेवलंय.

मग शिट्टीच्या घरी. त्याच्या आईने दार अर्धंच उघडलं. मी जे बोलायचं ते उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलले. तिने मला शिव्या दिल्या नाहीत, फक्त विचारलं, "दीड महिना?" शिट्टी मागे उभा होता. त्याने माझ्यासमोर तोंड फिरवलं, आणि ते बरंच केलं. तुमच्या खोलीवरची खडूची अक्षरं मी ओल्या फडक्याने पुसली, पण लाकडात मुरलेली आहेत, उन्हात बघितलं की दिसतात. तिथे रंग लावावा लागेल. तुझी माफी तू त्याच्याकडे स्वतः मागायची. मी तुला खोटं सांगितलं हे खरं, पण तू मला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतंस हे तुला ठाऊक होतं आणि त्याला मार बसत असताना तू बैठकीला ते बोलली नाहीस. मायलेकी आहोत, गप्प बसणं तू माझ्याकडूनच घेतलंस. ते एवढंच माझं टाकून दे.

मला आत टाकतील असं वकील म्हणतो. किती दिवस ते त्यालाही माहीत नाही. घराची किल्ली शेजारच्या शिंपीणकाकूकडे आहे. धाकट्याला खोकल्याचं औषध दिल्याशिवाय तो झोपत नाही, कडू लागतं म्हणून थुंकतो, उभं राहून घ्यायला लावायचं. त्याचे बूट लहान झालेत.

तो तुमच्या बैठकीत जायला लागलाय. मला विचारलं नाही, सांगितलं. म्हणाला, बटणसाठी मंगळवारी सगळी पोरं शेडच्या गेटसमोर बसणार आहेत, तोंडाने काही बोलायचं नाही, फक्त सहाशेपर्यंत मोजायचं, नऊ वेळा. कुणी सुचवलं असं विचारलं तर म्हणाला, ताईने कार्डावर लिहून पाठवलं. म्हणजे तू त्यांना लिहितेस. मला बरं वाटलं.

काल त्याने वही आणली आणि माझ्यासमोर पसरून बसला. नाव लिहिलं, वय लिहिलं, मग त्या ओळीवर पेन्सिल थांबली. "आई, माझं एक मोठं माणूस कोण?" त्याला सगळं कळलेलं आहे, मीच सांगितलंय परवा, तरी माझ्या तोंडाकडे बघत बसला. तो माझं नाव लिहायला तयार होता. पेन्सिल टेकवलीसुद्धा होती.

मी म्हटलं, माझं नको लिहू.

सात तारखेला तू अठराची होतेस. बैठकीतून तुझं नाव तसंही निघणार, मोठ्या माणसांना तिथे जागा नाही. त्याने तुझं नाव लिहिलंय, दोनदा गिरवून. मंगळवारच्या आधी त्याला तुला सांगायचंय, नियम आहे म्हणाला. तो फोन करेल, माझ्या नंबरावरून.

उचल.